छुपी बेकारी नेमकी कुठे छुपलेली असते?

प्रश्न असा : पाठ्यपुस्तकात हंगामी बेकारी, अर्धबेकारी आणि छुपी (प्रच्छन्न) बेकारी असे तीन प्रकार दिलेत. कोरडवाहू शेतावरच्या माणसाला तिन्ही लागू पडतात, मग तीन शब्द कशाला?

लागू पडतात खरे, पण प्रत्येकाचं माप वेगळं आहे. हंगामी बेकारी वर्षातल्या महिन्यांवर मोजायची. बीडकडचा ‘कोयता’, म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन कारखान्यावर जातं ते गावात काम नसतं म्हणूनच. अर्धबेकारीचं माप तासांचं किंवा दिवसांचं : माणूस आठवडाभर राबायला तयार आहे, काम मिळतं दोनच दिवस. हे दोन्ही प्रकार ज्याचे त्याला कळतात. कुणी विचारलं तर तो सांगतोही, ‘सध्या काम नाही.’

छुपीचं तसं नाही. तिचं माप उत्पादनाचं. चार एकरांवर घरचे पाचही जण खुरपणीला वाकलेले असतात, घामही पाचांचा गळतो. पण त्यातले दोघे पुण्याला निघून गेले तरी रास तेवढीच भरते. हे दोघे छुपे बेकार. सरकारी पाहणीत मात्र घरच्या शेतावर बिनपगारी राबणारा ‘रोजगारात’च धरला जातो. शिवाय आपल्याकडच्या साप्ताहिक मोजणीत सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी तो माणूस बेकारांत येत नाही. विकसनशील देशांतला बेकारीचा आकडा पुष्कळदा फसवा वाटतो तो यामुळे. पोटाला भत्ता देणारं सरकार पाठीशी नसेल तर रिकामं बसणं परवडतं कुणाला?

गंमत अशी की हा शब्द मुळात शेतीचा नाहीच. जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञ बाईंनी तो १९३६ साली वापरला, तो मंदीत नोकरी गेलेल्या माणसांसाठी. नोकरी गेली म्हणून माणूस लंडनच्या रस्त्यावर काडेपेट्या विकायला उभा राहिला, तर तो नावापुरताच कामात आहे, असा त्यांचा मुद्दा. पुढे १९५३ मध्ये राग्नार नर्क्से या अर्थतज्ज्ञांनी ही कल्पना गरीब देशांतल्या शेतीवरच्या गर्दीला लावली आणि आपल्या पुस्तकांत आली ती हीच दुसरी आवृत्ती. तिच्यावर आक्षेपही आले. १९१८-१९च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत भारतात माणसं दगावली तेव्हा पेराही घटला, माणसं खरोखर जादा असती तर तो का घटला असता, असं थिओडोर शूल्ट्झ या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये विचारलं.

माझ्या मते मराठी वाचकाला मूळ अर्थ समजवायला मुंबईच्या गिरणगावाइतकं चपखल उदाहरण नाही. १८ जानेवारी १९८२ ला कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना साचा (गिरणीतला माग) परत दिसलाच नाही. त्यातला कुणी लालबागला भाजीची पाटी लावून बसला, कुणी वॉचमन झाला. गिरणी गेली ही झाली संरचनात्मक बेकारी : धंदाच बसला आणि हातातलं कसब निरुपयोगी झालं. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींच्या गावांचं तेच झालं. पण भाजीची पाटी लागली की तीच बेकारी छुपी होते. (चक्रीय बेकारी मंदीबरोबर येते, तेजीबरोबर जाते, घर्षणात्मक म्हणजे एक नोकरी सोडून दुसरी मिळेपर्यंतचा काळ. या दोघींबद्दल वाद नाही.)

‘बेकारी की बेरोजगारी’ हा उपप्रश्नही होता. अर्थ एकच, दोन्ही शब्द फारसी वळणाचे. फक्त आपण ‘बेकार पिक्चर’ म्हणतो, ‘बेरोजगार पिक्चर’ म्हणत नाही. ‘बेकार’ला ‘टाकाऊ’ असा वास चिकटलाय, म्हणून माणसाबद्दल लिहिताना मी ‘बेरोजगार’ लिहितो आणि स्थितीबद्दल सुटसुटीत ‘बेकारी’. ‘सुशिक्षित बेकार’ मात्र इतका रुळलाय की तिथे हात लावत नाही.