इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’ चित्रात उजवीकडचा निळसर माणूस त्या मुलीला का पकडतोय?

तो माणूस नाही, झेफिरस आहे, म्हणजे वसंतातला पश्चिमेचा वारा. मुलगी म्हणजे क्लोरिस, वनदेवता. तिच्या तोंडाकडे नीट बघा: ओठांतून फुलांची डहाळी बाहेर पडतेय आणि शेजारणीच्या फुलाफुलांच्या झग्याला जाऊन भिडतेय. कारण झगेवाली फ्लोराही तीच! रोमन कवी ओव्हिडच्या कथेत झेफिरस क्लोरिसला बळजबरीने धरतो, मग तिच्याशी लग्न करून तिला फुलांची देवी बनवतो. रूपांतराआधीची आणि नंतरची रूपं एकाच चौकटीत शेजारी उभी करणं, हे मला १४८०च्या सुमाराच्या या चित्रातलं सर्वांत धाडसी काम वाटतं. मध्ये प्रेमदेवता व्हीनस, मागे तिचं मर्टलचं झाड. पार डावीकडे देवांचा दूत मर्क्युरी काठीने ढग हटवतोय. गोष्ट उजवीकडच्या वाऱ्यापासून सुरू होते, म्हणून चित्र उजवीकडून डावीकडे बघत जा.