मूत्रपिंडाच्या कर्करोगात टर्ट जनुक: पट्टी दिसली म्हणजे टेलोमेरेज सक्रिय आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कार्सिनोमाच्या नमुन्यांवर आरटी-पीसीआर (आरएनएची डीएनए प्रत बनवून ती अनेक पटींनी वाढवणारी चाचणी) केल्यावर काही गाठींत जेलवर टर्टची पट्टी ठळक येते, काहींत येतच नाही आणि दोन नमुन्यांत तर गाठीशेजारच्या निरोगी ऊतीतही ती उमटते, तेव्हा पट्टी असलेल्या गाठींत टेलोमेरेज (गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, टिकवून ठेवणारे विकर) सक्रिय आहे, असे प्रबंधात लिहिता येईल का? एवढ्या पुराव्यावर तसे लिहू नये, असे माझे मत आहे.

टेलोमेरेजचे दोन मुख्य घटक आहेत. साचा म्हणून काम करणारा आरएनए टर्क या जनुकापासून बनतो आणि तो निरोगी पेशींतही बऱ्याच प्रमाणात सापडतो. प्रत्यक्ष डीएनए जोडणारे प्रथिन मात्र पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील टर्ट जनुकापासून बनते, आणि हे जनुक बहुतेक प्रौढ पेशींत बंद असते. म्हणूनच टर्ट मोजले की टेलोमेरेज मोजल्यासारखे आहे, असा समज रूढ झाला. तो अगदीच निराधार नाही, पण त्यात एक मोठी फट आहे.

ती फट म्हणजे स्प्लायसिंग, म्हणजे जनुकाच्या कच्च्या आरएनएचे तुकडे कापून-जोडून मेसेंजर आरएनए (प्रथिनाचा संदेश) बनण्याची क्रिया. टर्टचा मेसेंजर आरएनए अनेक रूपांत तयार होतो. अल्फा रूपात 36 बेस गळलेले असतात. त्यापासून बनणारे प्रथिन निष्क्रिय तर असतेच, शिवाय ते चांगल्या प्रथिनाच्या कामातही अडथळा आणते. बीटा रूपात सातवे आणि आठवे एक्झॉन (संदेशात राहणारे जनुकाचे तुकडे) वगळले जाऊन 182 बेस कमी होतात, वाचनाची चौकट सरकते आणि प्रथिन अर्ध्यावरच संपते. आपले प्रायमर (पीसीआरमध्ये कोणता भाग वाढवायचा हे ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) या भागाच्या बाहेर कुठेतरी बसत असतील, तर ही सगळी रूपे मिळून एकच पट्टी येईल आणि तिच्यातले कामाचे किती, निकामी किती, हे कळणार नाही. प्रायमर या दोन्ही जागांच्या अलीकडे-पलीकडे घेतले तर रूपे वेगळी दिसतात. फक्त 36 बेसचा फरक नेहमीच्या विरळ अ‍ॅगारोजमध्ये सुटा होत नाही, त्यासाठी जेल घट्ट लावावे लागते. पहिल्यांदा मी स्वतःही दोन चिकटलेल्या पट्ट्यांना एकच समजून बसलो होतो.

शेजारच्या ऊतीतील पट्टीबद्दल आधी एक गोष्ट तपासा: तेथे लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) किती आहेत? उत्तेजित लिम्फोसाइटमध्ये टेलोमेरेज असते, आणि क्लिअर सेल गाठींत व त्यांच्या कडेला अशा पेशींची गर्दी असणे नित्याचेच आहे. पीसीआरच्या चाळीस चक्रांत मूठभर लिम्फोसाइटही पट्टी उमटवू शकतात. ज्या तुकड्यातून आरएनए काढला त्याच्याच लगतचा काप रंगवून पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

मोजमाप सापेक्ष असेल, तर संदर्भ जनुकाकडे (ज्याच्या प्रमाणाने टर्टच्या आकड्याला भागतात त्या जनुकाकडे) विशेष लक्ष द्यावे. क्लिअर सेल गाठींत व्हीएचएल जनुक बहुधा निकामी झालेले असते; त्यामुळे प्राणवायू पुरेसा असतानाही हिफ प्रथिने (एरवी प्राणवायू कमी पडल्यावर साचणारी) साचून राहतात आणि ग्लायकोलिसिसची (ग्लुकोज फोडण्याच्या क्रियेची) जनुके वर जातात. जीएपीडीएच हे त्यांपैकीच एक आहे. ते संदर्भ म्हणून घेतले, तर भाजक गाठीतच फुगतो आणि टर्ट प्रत्यक्षात वाढलेले असूनही आकड्यांत कमी दिसते. इतर कर्करोगांवरील कामातून पद्धत जशीच्या तशी उचलली, की नेमके हेच घडते.

आता पट्टी न येणाऱ्या गाठी. टर्टच्या प्रती मुळातच अत्यल्प असतात, त्यामुळे आरएनए थोडा जरी तुटलेला असला तरी संकेत हरवतो. बहुतेक मानवी कर्करोगांत, सुमारे 85 ते 90 टक्क्यांत, टेलोमेरेज सक्रिय आढळते; उरलेल्यांपैकी काही गाठी डीएनएच्या पुनर्संयोजनातून टेलोमिअर टिकवतात. शिवाय टर्ट चालू होण्याचा मार्ग सगळीकडे एकच नसतो. 2013 मध्ये मेलानोमात सापडलेली टर्ट प्रमोटरमधील (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातील) उत्परिवर्तने मूत्राशयाच्या आणि मूत्रमार्गाच्या अस्तराच्या कर्करोगात फार आढळतात, क्लिअर सेल प्रकारात मात्र थोड्याच गाठींत. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या क्रोमोफोब या दुसऱ्या प्रकाराची गोष्ट आणखी निराळी: 2014 च्या टीसीजीए (कर्करोगांच्या जनुकीय नकाशाचा अमेरिकी प्रकल्प) अभ्यासात त्यातील काही गाठींत प्रमोटरच्या भागातच डीएनएची तोडजोड झालेली आणि त्या गाठींत टर्टची अभिव्यक्ती खूप वाढलेली आढळली. म्हणून आपल्या नमुन्यांत इतर प्रकार मिसळले असतील, तर ते एका तक्त्यात घालू नका.

सक्रियतेबद्दल बोलायचेच असेल, तर ट्रॅप चाचणी (ऊतीच्या अर्कातील टेलोमेरेज प्रत्यक्ष डीएनए जोडते का, हे पाहणारी) करावी. सहा-सहा बेसच्या अंतराने चढत जाणारी शिडी दिसली आणि तोच अर्क तापवल्यावर ती नाहीशी झाली, तरच निकाल धरावा. शिडी दिसली नाही म्हणून लगेच ‘नकारात्मक’ अशी नोंद करू नये. रक्तस्राव किंवा नेक्रोसिस (ऊती मरणे) झालेल्या गाठींच्या अर्कात पीसीआर रोखणारे पदार्थ असतात, आणि अर्क दहापट पातळ केल्यावर शिडी उमटलेली मी पाहिली आहे. अंतर्गत नियंत्रणाची (पीसीआर नीट चालला हे दाखवण्यासाठी मुद्दाम घातलेल्या डीएनएची) पट्टी गायब असेल, तर तेच कारण समजावे.

तोपर्यंत प्रबंधात ‘टर्टचा मेसेंजर आरएनए आढळला’ एवढेच लिहा आणि कोणते रूप आढळले तेही नोंदवा. ‘टेलोमेरेज सक्रियता’ हा शब्द फक्त ट्रॅपच्या स्तंभासाठी ठेवा.