फिल्डवर काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी कामाचा ताण कसा हाताळावा?

तुम्ही लिहिलंय की घरभेटी, लसीकरण सत्रं आणि संध्याकाळचे रिपोर्ट यातच दिवस संपतो, वर लोकांची बोलणी खावी लागतात, आणि प्राणायाम-ध्यान करूनही थकवा जात नाही. जाणारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलंच नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की येणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. खुणा तीन : अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल मन विटणं आणि 'आपल्या हातून काही होत नाही' असं वाटणं. मूळ कामात असेल तर दुरुस्तीही आधी कामातच शोधावी लागते.

सुरुवात नोंदवहीपासून करा. दोन आठवडे साध्या वहीत तीन रकाने भरा : काय काम केलं, किती मिनिटं लागली, कोणी मागितलं. बहुतेक वेळा दिसतं असं की एकच आकडा रजिस्टरमध्ये, ॲपमध्ये आणि पुन्हा ग्रुपवरच्या मेसेजमध्ये जातोय. 'काम फार आहे' ही तक्रार कोणी ऐकून घेत नाही, पण 'हा आकडा तीन ठिकाणी भरायला रोज इतकी मिनिटं जातात, यातली मूळ नोंद कोणती धरायची?' या प्रश्नाला पर्यवेक्षकाला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. ऐनवेळी नवं काम आलं तर 'जमणार नाही' म्हणू नका. 'आज सर्वेक्षण ठरलंय. हे आधी करू की ते?' असं विचारा आणि मिळालेलं उत्तर त्याच दिवशी मेसेजवर टाकून ठेवा. महिनाअखेरीला 'सर्वेक्षण का राहिलं' असा प्रश्न आला की तो मेसेज कामी येतो.

नोंद घराच्या दारातच पूर्ण करा. संध्याकाळी आठवून भरलं की वयं, डोसच्या तारखा हमखास चुकतात, आणि त्या चुका निस्तरायला दुसरा दिवस जातो. शिवाय राहिलेली सगळी नावं 'बाकी' म्हणून एकाच रकान्यात ढकलू नका. 'घर बंद' (तारीख-वेळेसह), 'नकार' (कारणासह) आणि 'स्थलांतर' वेगळं दाखवा. नुसतं 'बाकी' लिहिलं की वर बसलेल्याला तो तुमचा आळस वाटतो. वेगळं दाखवलं की पुढचं काम कोणाचं, हे तिथेच कळतं. टार्गेटसाठी आकडे फुगवण्याचा मोह इथेच होतो. फुगवलेला आकडा पुढच्या टार्गेटचा पाया होतो, म्हणून तो खड्डा पुढे कधी भरतच नाही. आणि खोटं लिहिल्याची बोच थकव्यापेक्षा जास्त पोखरते, हे माझं मत.

आता बोलणी. लसीला नकार देणाऱ्या घरात माहितीचा मारा करण्याआधी 'नेमकी कशाची काळजी वाटते?' हे विचारा आणि उत्तर पूर्ण होऊ द्या. बऱ्याचदा कारण जुनंच असतं : मागच्या डोसनंतर बाळाला ताप आला आणि तो येऊ शकतो हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून लस देतानाच सांगा की एक-दोन दिवस ताप, टोचल्या जागी दुखणं-सुजणं चालतं. कोणत्या लक्षणांवर लगेच दवाखाना गाठायचा तेही सांगा. दुसऱ्या दिवशी एक फोन करा. दोन मिनिटांच्या त्या फोनमुळे पुढचा अर्ध्या तासाचा वाद वाचतो.

जिथे आवाज चढतो तिथे मात्र समजूत घालत बसू नका. अनोळखी घरात दाराजवळच बसायचं, दाराला कडी लावू द्यायची नाही, कोणत्या भागात आहोत हे सहकाऱ्याला आधी कळवलेलं असायचं. कोणी अंगावर येऊ लागलं तर 'आज वेळ बरोबर दिसत नाही, नंतर येईन' एवढं बोलून बाहेर. सामान राहिलं तर राहू द्या. घटना त्याच दिवशी लेखी द्या, आणि त्या घरी पुन्हा जायचं तर दोघांनी.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सुई टोचण्याकडे. ती पुष्कळदा या दोन वेळी टोचते : वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना, किंवा ठासून भरलेल्या सेफ्टी बॉक्समध्ये (वापरलेल्या सुया टाकायचा डबा) सिरिंज दाबताना. टोपण लावायचंच नाही, आणि बॉक्स तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा. तो हाताच्या अंतरावर हवा, उठून जावं लागलं की सुई टेबलावर पडून राहते.

तरीही टोचलीच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच किंवा जळजळीत औषध ओतू नका. मग लगेच कळवा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन असते. प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. टोचून घेतल्याचा दोष आपल्यावर येईल म्हणून लोक गप्प बसतात आणि हे ७२ तास तसेच जातात. त्याच वेळी स्वतःच्या रक्ताची पहिली तपासणी करून घ्या. ती नसेल तर पुढे संसर्ग निघाल्यास तो कामावरच झाला हे सिद्ध करणं कठीण जातं. हेपाटायटिस बी या यकृताच्या संसर्गाचा धोका याहून कितीतरी मोठा आहे, पण त्यावर लस आहे : ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली अँटिबॉडी (लसीने तयार झालेली प्रतिकारद्रव्यं) तपासा. पातळी मिलिलिटरला १० मिलि-आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त हवी. डोस पूर्ण केलेले पुष्कळ भेटतात, ही तपासणी केलेले थोडे.

ओळखीच्या कुटुंबातला मृत्यू किंवा मोठी साथ यानंतर मनावर ओझं येतं. अशा वेळी सगळ्यांना गोल बसवून झालेलं सगळं एकदा बोलून टाकायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. सक्तीच्या अशा एका बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, म्हणून तसं करू नये असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यापेक्षा ज्याला बोलायचंय त्याचं ऐकावं, दोन दिवस त्याच्या वाट्याचं काम दुसऱ्याने उचलावं, पोटभर खाणं आणि झोप मिळते ना हे बघावं.

दोन आठवड्यांहून जास्त झोप बिघडली, कशातच रस वाटेना, झोपेसाठी दारू किंवा गोळ्या लागू लागल्या तर डॉक्टरांकडे जा. जीव द्यावासा वाटला तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी जा. जाताना झोपेच्या वेळा, चुकलेली जेवणं, सलग किती दिवस सुट्टी नाही हे कागदावर लिहून न्या. नुसतं 'ताण आहे' म्हटलं तर विश्रांतीचा सल्ला मिळतो. हा कागद दाखवला तर नेमकी तपासणी होते, आणि रजेसाठी प्रमाणपत्र लागलं तर त्यात लिहायला मुद्देही असतात.