घरामागचा बांबू कापून तलावात क्रॅपीसाठी फिश अट्रॅक्टर बुडवता येतील का?

येतील, पण मुळात बांबू बुडत नाही, आणि सगळी मेहनत तिथेच आहे. (फिश अट्रॅक्टर म्हणजे मासे गोळा व्हावेत म्हणून काँक्रीटच्या वजनाने तळाशी ठेवलेला काठ्या-फांद्यांचा सांगाडा, आणि क्रॅपी हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा.)

तुम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात राहता, शेजाऱ्याच्या आवारातून घुसलेल्या बांबूचं घरामागे रान झालंय, आणि सांगाडे कसे बनवायचे, किती टिकतात, परवानगी लागते का, असं विचारलंय. मीही याच भागातला. आमच्या एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) तळ्यात आम्ही असे सांगाडे सोडलेत, म्हणून लिहितोय.

परवानगीचं आधी. इथले जॉर्डन लेक आणि फॉल्स लेक हे सार्वजनिक तलाव अमेरिकी लष्कराच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या ताब्यात आहेत. तिथे न विचारता काँक्रीटची बादली पाण्यात सोडलीत तर त्यांच्या लेखी तो तलावात टाकलेला कचरा. तशी गरजही नाही. नॉर्थ कॅरोलिनाचं वाइल्डलाइफ रिसोर्सेस कमिशन (राज्याचं वन्यजीव खातं) अनेक सार्वजनिक तलावांत स्वतः अट्रॅक्टर टाकतं आणि त्यांचा नकाशा वेबसाइटवर देतं. त्या जागा फोनमध्ये घ्या आणि गळ टाका, एक बांबू तोडावा लागणार नाही. स्वतः बनवण्याची हौस असेल तर खाजगी किंवा एचओएचं तळं निवडा आणि बोर्डाकडून लेखी परवानगी घ्या. आपल्याकडची बरीच एचओए तळी पावसाचं पाणी अडवायला खणलेली असतात. त्यांच्या सांडव्याच्या, पाइपाच्या जवळपास काहीही टाकू नका. सुटलेली एक काठी तिथे अडकली तरी पुढच्या मीटिंगमध्ये तुमचंच नाव निघेल.

आता बांबू. तुमच्याकडचा बहुधा गोल्डन बांबू असणार. बुंध्याजवळची पेरं एकमेकांत दाबल्यासारखी आखूड दिसली तर तोच. इथे तो उपद्रवी झाड समजला जातो, त्यामुळे तोडायला कोणी नाही म्हणत नाही, उलट शेजारी करवत आणून देतात. आपला कोकणातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, हा मात्र आतून पोकळ. प्रत्येक पेर म्हणजे हवा कोंडलेली बंद नळी.

याचा हिशेब करून बघा. ४ सेंटिमीटर जाडीची, २ मीटर लांबीची काठी पूर्ण बुडली की सुमारे अडीच लिटर पाणी बाजूला सारते. तिचं स्वतःचं वजन किलोच्या आसपास, म्हणजे एक काठी दीड किलोने वर ओढणार. दहा काठ्या पंधरा किलोने. ६० पौंडी काँक्रीटच्या पिशवीचा गोळा पाणी धरून हवेत २९-३० किलो भरतो, पण पाण्यात त्याचं वजन सोळा-सतरा किलोच उरतं. हातात काय राहिलं? जेमतेम एक-दोन किलो. असा सांगाडा तळाशी धड उभा राहत नाही, वारा सुटला की सरकत जातो. यूट्यूबवाले वजन वाढवत बसतात. त्यापेक्षा ड्रिल घ्या आणि प्रत्येक पेराला दोन भोकं पाडा, एक वरच्या गाठीखाली, एक खालच्या गाठीवर. खालून पाणी शिरतं, वरून हवा निघते. एकच भोक पाडलं तर हवा आत अडून बसते. भोक ६-८ मिलिमीटरचं पुरे. सोडताना शेवटपर्यंत बुडबुड्यांची रांग वर येत राहते. ती थांबेपर्यंत दोर सोडू नका.

बनवायला ५ गॅलनची बादली चांगली. आतून जुनं खाद्यतेल चोपडा, म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर गोळा निसटून येतो, बादली पुन्हा वापरता येते आणि तळ्यात प्लास्टिकही जात नाही. ६० पौंडी पिशवीत बादली साधारण दोन तृतीयांश भरते. ओला बांबू वाळताना आकसतो आणि काँक्रीटमधून दातासारखा हलायला लागतो. म्हणून प्रत्येक काठीच्या बुडाशी एक लांब स्क्रू आरपार घाला आणि तो भाग काँक्रीटमध्ये पुरा. काठ्या उभ्या रोवायच्या नाहीत, फुलदाणीतल्या काड्यांसारख्या बाहेर कलत्या ठेवायच्या, मध्ये हात जाईल एवढी फट सोडून. गच्च बांधलेल्या मोळीत लहान मासे शिरतात, मोठी क्रॅपी बाहेरच राहते. शेंड्याकडच्या बारीक डहाळ्या ठेवा, पानं मात्र ओरबाडून टाका. पाण्यात कुजणारी पानं ऑक्सिजन खातात, छोट्या तळ्यात ते परवडत नाही. दोन-तीन दिवस गोळा घट्ट होऊ द्या, की झालं.

खरा प्रश्न जागेचा आहे, आणि त्यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. सांगाड्याने तळ्यातले मासे वाढत नाहीत, आहेत ते एका ठिकाणी येतात. काही आठवड्यांत बांबूवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, त्यात किड्यांच्या अळ्या, त्यांच्यामागे ब्लूगिल या छोट्या माशाची पिल्लं, आणि त्यांच्यावर टपलेले क्रॅपी आणि बास हे शिकारी मासे. पण तळाशी प्राणवायूच नसेल तर ही साखळी सुरूच होत नाही. इथे नॉर्थ कॅरोलिनात उन्हाळ्यात तळ्याचं पाणी थरांत विभागतं. वरचं गरम, खालचं गार, आणि त्या गार थरातला ऑक्सिजन संपून जातो. ‘खोल तेवढं चांगलं’ म्हणून २५ फुटांवर सोडलेला सांगाडा जून ते सप्टेंबर ओसाड पडतो. ८ ते १४ फूट खोली बघा, तीही उतार एकदम तुटतो तिथली. शेंडे पाण्याखाली किमान ४ फूट हवेत, तेही पाणी सगळ्यात कमी असताना मोजून. नाहीतर कोणाच्या तरी बोटीच्या ट्रोलिंग मोटरला (छोट्या विजेच्या मोटरला) काठी लागते आणि मग भांडणं. वसंतात, पाणी साठ-सत्तर फॅरनहाइटच्या घरात म्हणजे १५ ते २० सेल्सिअसला आलं की क्रॅपी अंडी घालायला काठाकडे येते. तेव्हासाठी एक-दोन बुटके सांगाडे ५-६ फुटांत सोडले तर काम देतात. मग तिथे शेंड्यावर दोन फूट पाणी पुरे, फक्त बोटींच्या वाटेवर नकोत.

टिकतात किती? कायम पाण्याखाली राहिले तर जाड काठ्या काही वर्षं राहतात, बारीक डहाळ्या आधी गळतात. मग त्याच जागी नवा सोडा, जुना काढायची खटपट करू नका. हवा-पाण्याच्या सीमेवरचा बांबू मात्र लवकर कुजतो.

गळ टाकताना जिग (शिशाचं डोकं असलेलं नकली आमिष) सांगाड्याच्या माथ्याच्या जरा वरच ठेवा. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला, भक्ष्यही ती वरचंच उचलते, खाली गेलेल्या आमिषाकडे सहसा बघत नाही. बांबू गुळगुळीत असल्याने झाडाच्या फांद्यांइतके गळ अडकत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी उजनीत, भाटघरला हेच करता येईल का असं विचारलंय. नका करू. धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेली असते आणि त्यांची फासाजाळी पाण्यात रात्रभर पसरलेली असतात. तुमच्या बांबूत अडकून ती फाटली तर नुकसान त्यांचं. गावाकडे शेततळ्यात बाभळीच्या काटेरी फांद्या टाकतात त्या नेमक्या याच कारणासाठी, चोराचं जाळं फाटावं म्हणून. शिवाय रोहू-कटला दबा धरून बसणारे मासे नाहीत. रोहू बांबूवरचं शेवाळ खायला येईल, पण बास जशी काठीला चिकटून उभी राहते तशी नाही.

सोडायला दोघं जा. तीस किलोचा गोळा छोट्या बोटीच्या एकाच काठावरून लोटला तर बोट कलंडते. लाइफ जॅकेट घाला, एका वेळी एकच सांगाडा न्या, दोर खालून दुहेरी घालून हळूहळू सोडा आणि मग एक टोक ओढून घ्या. फोनवर जीपीएस खूण करा ती तिथल्या तिथे, घरी येऊन अंदाजाने नव्हे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोडलेत तर मार्चपर्यंत शेवाळ धरलेलं असेल. तळ्याची खोली आणि पाण्याचा गढूळपणा कळवलात तर किती सांगाडे लागतील ते सांगता येईल.