४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो हे ऑयलरला कसं सापडलं?

प्रश्न : सर, माझी मुलगी नववीत आहे. तिने वाचलं की फ्रेंच गणिती फर्माला ४२९४९६७२९७ ही मूळ संख्या वाटायची, पण स्विस गणिती ऑयलरने १७३२ साली तिला ६४१ ने भाग जातो म्हणून दाखवून दिलं. कॅल्क्युलेटर नसताना तो नेमका ६४१ वरच कसा पोचला? एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसला का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही ताई, तसं बसला असता तर ६४१ चा नंबर ११६ वा लागला असता. त्याने पाचव्यातच काम उरकलं, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ३२ च्या जागी १, २, ४, ८, १६ हे घात घेतले की याच घराण्यातल्या आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात, या पाचही मूळ, म्हणून फर्माने १६४० च्या सुमारास पुढच्याही सगळ्या मूळ असणार असं धरलं.

आता मुलीला वहीत १७ घेऊन बघायला सांगा. २ पासून दुप्पट करत जायचं आणि दर वेळी १७ ने भागून बाकी लिहायची : २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. आठव्या पायरीला १ आला, की परत तेच चक्र. आणि १७ वजा १ म्हणजे १६ ला ८ ने भाग जातो, हे नेहमीच होतं, चक्राच्या लांबीने मूळ संख्या वजा १ ला भाग जातोच, आणि हा नियम खुद्द फर्माचा! स्वतःचंच हत्यार त्याने इथे चालवलं नाही याची मला खरंच हळहळ वाटते. तर आपल्या मोठ्या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल तिच्या चक्रात ३२ व्या पायरीला बाकी उणे १ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), तिचा वर्ग होऊन ६४ व्या पायरीला १, त्यामुळे चक्र बरोबर ६४ पायऱ्यांचं येतं, म्हणजे ती संख्या ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असणार. अशा मूळ संख्या कुठल्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. संपलं. १७३२ मध्ये ऑयलरने नुसतं उत्तर दिलं होतं, ही रीत नंतरच्या लेखात सांगितली.

लांबलचक भागाकार न करताही खात्री पटते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, ६४१ ने भागलं तर बाकी उणे १. चौथा घात केला की बाकी १, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १. पण ६२५ अधिक १६ बरोबर ६४१, म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ लिहा, १६ म्हणजे २ चा ४ था घात, तर २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ निघाली, त्यात १ मिळवला की शून्य.

दुसरा अवयव ६७००४१७. त्याला ६०० ने गुणलं तर ४०२०२५०२००, ४१ ने गुणलं तर २७४७१७०९७, बेरीज तिलाच करू द्या.