एडवर्डियन काळातल्या (सातव्या एडवर्ड राजाच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या) श्रीमंत इंग्रज बायका दिवसातून चार-पाच वेळा कपडे का बदलायच्या? कॉर्सेटमध्ये (धड आवळून धरणाऱ्या ताठ काचोळीत) त्यांना श्वास तरी घेता यायचा का?

न बदलून सांगतात कोणाला? कुठल्या वेळी काय घालायचं हे ज्या बाईला कळत नाही ती आपल्यातली नाही, असा सरळ हिशेब होता. या प्रश्नाच्या आधीच्या उत्तरांत 'हौस' आणि 'रिकामटेकडेपणा' ही कारणं वाचली, म्हणून लिहायला बसले.

मी पुण्यात हौशी नाटकांची वेशभूषा करते. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपने १९०८ सालच्या इंग्लंडमधल्या एका बड्या घरातलं नाटक बसवलं. तीन अंक, दिवस एकच: दुपारचं जेवण, पाचचा चहा, रात्रीची मेजवानी. मी नायिकेचे तीन पोशाख काढले, मांजरपाटावर बेतून पाहिले. दिग्दर्शक म्हणाले, "एकाच गाऊनमध्ये भागव गं. लोक संवाद ऐकायला येतात."

अहो, पण अर्धे संवाद त्या कपड्यांतच आहेत! दुपारी जेवायला आलेली पाहुणी हॅट घालूनच जेवणार, यजमानीण मात्र हॅटशिवाय. पडदा उघडताच घर कोणाचं ते कळतं. दिवसा गळा हनुवटीपर्यंत बंद, कॉलर ताठ राहायला आत बारीक काड्या. (ही फॅशन अलेक्झांड्रा राणीने मानेवरचा व्रण झाकायला आणली असं सांगतात.) रात्री हॅट नाहीच, तोच गळा खोल, दंड उघडे, कोपराच्या वर जाणारे पांढरे हातमोजे, आणि तेही जेवायला बसलं की काढायचे. या दोन्हींच्या मधे चहाच्या वेळचा टी-गाऊन. सैल, लेस लावलेला, आत कॉर्सेट ढिला केलेला किंवा नाहीच. तो फक्त घरच्या आणि अगदी जवळच्या माणसांसमोर घालायचा. आमची नायिका दुसऱ्या अंकात एका पुरुषाला भेटते. तो तिचा कोण, हे संहितेत कुठेच लिहिलेलं नाही. टी-गाऊन घातला की लिहायची गरजच उरत नाही.

हे मी तालमीत सगळ्यांसमोर बोलले. त्यावर उत्तर काय, तर "कपडेच तर आहेत." शेवटी प्रयोगात नायिका तिन्ही अंक मरून रंगाच्या मखमलीत वावरली, रात्रीच्या मेजवानीलासुद्धा डोक्यावर पिसांची हॅट. परीक्षकांनी 'भव्य वेशभूषा' म्हणून कौतुक केलं, त्याचा मला जास्त राग आला.

रिकामटेकडेपणाबद्दल एक उदाहरण देते. १९०३च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लेडी कर्झननी घातलेला मोरपिशी गाऊन. त्याचं कापड दिल्लीच्या कारागिरांनी जरदोजीने भरलं, प्रत्येक मोरपिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या हिरव्या पंखाचा तुकडा. मग ते पॅरिसला वर्थ या नावाजलेल्या फॅशनगृहाकडे गेलं आणि तिथे गाऊन शिवला गेला. वजन साधारण साडेचार किलो. (तो आज डर्बीशरमधल्या केडलस्टन हॉलमध्ये आहे.) नवरा व्हाइसरॉय, समोर सगळे संस्थानिक, आणि एवढं ओझं अंगावर घेऊन ही बाई रात्रभर हसतमुख. मी तरी याला नोकरीच म्हणते. साम्राज्याची नोकरी होती हे वेगळं, त्याचं कौतुक करत नाहीये. इंग्लंडच्या राजदरबारात पहिल्यांदा सादर व्हायचं तरी तसंच: लांब शेपटाचा झगा, केसांत शहामृगाची पांढरी पिसं, लग्न झालेलीला तीन, कुमारिकेला दोन. पिसं मोजली की कळलं.

कॉर्सेटचं म्हणाल तर श्वास घेता यायचा, वाकणं मात्र अवघड. १९००च्या सुमाराचा पुढून सरळ असलेला कॉर्सेट मुळात पोटावरचा दाब कमी करायला निघाला होता. पॅरिसच्या इनेस गाश-सारोत या बाईंनी तो सुचवला, आणि त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलेलं होतं. फॅशनवाल्यांनी तो असा आवळला की छाती पुढे आणि नितंब मागे. कंबर बारीक दिसण्यात मोठा हात छातीला-नितंबांना लावलेल्या पॅडिंगचा आणि पुढे फुगवलेल्या ब्लाउजचा. आमच्या दिग्दर्शकांना नायिका कॉर्सेटमुळे चक्कर येऊन पडायला हवी होती, म्हणजे 'काळ उभा राहतो'. जीव जाईस्तोवर आवळणाऱ्याही होत्या, नाही असं नाही. पण ती रोजची गोष्ट नव्हे.

हे सगळं मूठभर घरांपुरतं होतं, हे आधीच सांगायला हवं होतं. पाठीवरचे हुक लावायला स्वतंत्र दासी लागायची. ती स्वतः दिवसभर साध्या गडद कपड्यांत. बाकीच्या इंग्लंडकडे रोजचा एक आणि चर्चला जायचा एक जोड असला तरी पुष्कळ.

कोणी या काळातलं नाटक बसवत असेल तर टी-गाऊनला फार पैसे लागत नाहीत. जुनी शिफॉनची साडी, पुण्याच्या बोहरी आळीतली लेस आणि पदरी एखादे धीराचे टेलरमास्तर असले की झालं. आमचा तर शिवून तयारच होता, शिलाईही मीच भरली होती. हवा असेल तर मेसेज करा, फुकट देते. अट एकच, रात्रीच्या अंकात हॅट दिसता कामा नये.