४०० सीसीची क्वाड चढावर दबते; बोअर वाढवू, स्ट्रोक वाढवू की मोठं इंजिनच बसवू?

तुम्ही लिहिलंय की गाडी होंडा टीआरएक्स ४०० ईएक्स क्वाड (चार चाकांची ऑफ-रोड गाडी) आहे, मागे मूळच्या २० इंचीऐवजी २२ इंची टायर टाकलेत, आणि दगडगोट्यांच्या चढावर दुसऱ्या गिअरला इंजिन दबतं, पहिला टाकला तर नुसतं ओरडतं. आता ४४० सीसीच्या आसपासचं किट घ्यावं (बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवून मोठा पिस्टन), स्ट्रोकर क्रँक (स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, वाढवणारा) टाकावा की एखाद्या मोठ्या क्वाडचं अख्खं इंजिन बसवावं, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आधी स्प्रॉकेटचे (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांचे) दात बदला. त्यानंतरही कमी पडलं तर बोअर ८८, फार तर ८९ मिलिमीटर करा आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचाच ठेवा. स्ट्रोकर आणि इंजिनची अदलाबदल, दोन्ही ट्रेलसाठी मी सुचवणार नाही.

तुमच्या तक्रारीचं निम्मं कारण टायरमध्ये आहे. २० चे २२ इंच झाले म्हणजे चाकाचा घेर १० टक्क्यांनी वाढला आणि जमिनीवर मिळणारा जोर साधारण तेवढ्याच प्रमाणात घटला. शिवाय मोठा टायर जड असतो, तो फिरवायलाच जास्त ताकद जाते. या गाडीला कंपनीकडून पुढे १५ आणि मागे ३८ दात येतात. पुढे १४ दातांचं स्प्रॉकेट टाकलं की चाकावरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ७ टक्क्यांनी वाढतो. आता दुसरा आकडा बघा: ८५ मिमीचा बोअर ८८ केला की इंजिन ३९७ वरून ४२६ सीसीवर जातं, म्हणजे वाढ तीच, ७ टक्के. एका दाताने कमाल वेग थोडा कमी होतो हे खरं, आणि बोअर वाढवल्यावर तसं होत नाही. पण झाडांमधल्या वळणावळणाच्या वाटेवर तो कमाल वेग तुम्ही वापरता कुठे?

पुढे १४, मागे ४० केलं तर जवळपास १३ टक्के मिळतात. टायरने खाल्लेलं सगळं परत येतं, वर थोडं उरतं. मागचं स्प्रॉकेट मोठं केलं की दगडांवर आपटेल अशी भीती अनेकांना वाटते, कारण या गाडीत ते सरळ अॅक्सललाच लटकलेलं असतं. ५२० च्या चेनला दोन दातांमागे स्प्रॉकेटची त्रिज्या ५ मिमी वाढते आणि तुमच्या २२ इंची टायरने अॅक्सल कागदावर तरी २५ मिमी वर उचललाय. म्हणजे फायदाच उरतो. पुढे १३ दात मात्र टाकू नका. चेन फार लहान गोलाईत वळते, स्विंगआर्मवरची रबरी पट्टी लवकर कापली जाते. नवी स्प्रॉकेट जुन्या, ताणलेल्या चेनवर चढवू नका, दोन्ही एकदम बदला.

हे करून चार-सहा वेळा नेहमीच्या वाटेवर फिरा. दुसऱ्या गिअरला चढ निघायला लागला तर इंजिनाला हात लावण्याची गरजच नाही.

तरीही दम कमी वाटला तर इंजिन खोलण्याआधी लीक-डाउन टेस्ट करून घ्या. पिस्टन वरच्या टोकाला ठेवून स्पार्क प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ती कुठून सुटते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, आणि ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. जुन्या ४०० ईएक्समध्ये बऱ्याचदा "इंजिन लहान पडतंय" ही तक्रार खरं तर रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजल्याची असते. तसं निघालं तर सिलिंडर उतरवावंच लागणार, आणि मग ओव्हरसाइज पिस्टन टाकण्याला अर्थ आहे.

आता बोअर की स्ट्रोक? स्ट्रोक वाढवला की खालचा टॉर्क वाढतो आणि बोअर वाढवला की वरचे आरपीएम, असं सर्रास सांगितलं जातं. पण टॉर्क मुख्यतः एकूण सीसी, सिलिंडर किती भरतो आणि कॅम कसा आहे यावर ठरतो. या इंजिनाचा स्ट्रोक ७० मिमी आहे. समजा ५ मिमीचा स्ट्रोकर टाकला, बोअर ८५ च ठेवला, तर ४२६ सीसी होतात. ३ मिमी बोअर वाढवूनही ४२६ च होतात. फरक कामात आहे. बोअरसाठी फक्त हेड आणि सिलिंडर उतरतं. स्ट्रोकरसाठी अख्खं इंजिन फ्रेममधून काढून केस (क्रँकभोवतीचं कवच) उघडावी लागते, क्रँक बदलावा लागतो, पिस्टन वर डोकावू नये म्हणून सिलिंडरखाली स्पेसर किंवा वेगळा पिस्टन लागतो. वर ८००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८.७ मीटरवरून २० वर जातो, म्हणजे रॉड आणि बेअरिंगवर भार. तेवढ्याच सीसीसाठी एवढा खटाटोप कशाला? क्रँक आधीच खराब झाला असेल, तरच स्ट्रोकरचा विचार करा.

बोअर किती करायचा यात मोह आवरा. ८७ मिमीला ४१६ सीसी, ८८ ला ४२६, ८९ ला ४३५. प्रत्येक मिलिमीटरमागे लोखंडी स्लीव्हची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) भिंत अर्धा मिलिमीटर पातळ होते. पातळ स्लीव्ह तापल्यावर गोल राहत नाही, रिंगा नीट बसत नाहीत, ऑइल जळायला लागतं. पुढच्या ओव्हरसाइजसाठी मटेरियलही उरत नाही. म्हणून मूळ स्लीव्हमध्ये माझी पसंती ८८ ला आहे. ८९ हवंच असेल तर जाड स्लीव्ह नव्याने बसवून घ्या. (ही सोय लोखंडी स्लीव्हच्या इंजिनांना आहे. ज्या क्वाडच्या अॅल्युमिनियम सिलिंडरला आतून प्लेटिंग असतं, तो नुसता बोअर करून चालत नाही. पुन्हा प्लेटिंग किंवा स्लीव्ह, काहीतरी करावंच लागतं.)

पिस्टन आधी आणा, मग सिलिंडरसोबत तोच पिस्टन मशीन शॉपला द्या आणि त्याच्या मापानेच बोअर करायला सांगा. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन जास्त फुगतो, त्याला क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) जास्त लागतो, आणि तो आकडा पिस्टनच्या खोक्यातल्या कागदावर असतो. घरी आणल्यावर रिंग सिलिंडरमध्ये ठेवा, पिस्टनने ढकलून सपाट बसवा आणि तोंडातली फट फिलर गेजने मोजा. मी खोललेल्या जाम इंजिनांमध्ये पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे असतात, चार ठिकाणी, जवळपास सारख्या अंतरावर. असा माग दिसला की समजायचं, क्लिअरन्स कमी होता किंवा थंड इंजिन जोरात ओढलं.

कॉम्प्रेशनच्या (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्या रेशोच्या) बाबतीत मी ठाम आहे: १०:१ च्या आसपास थांबा. मूळचं ९.१:१ आहे. हेड तेच ठेवून नुसते सीसी वाढवले तरी ते थोडं चढतंच, म्हणून पिस्टन निवडताना नव्या बोअरला रेशो किती होईल ते बघून घ्या. ११ च्या पुढचा पिस्टन जाहिरातीत आकर्षक दिसतो, पण तुमचं इंजिन एअर कूल्ड आहे. चढावर वेग माणूस चालतो तेवढा, थ्रॉटल जवळजवळ पूर्ण, आरपीएम कमी आणि फिन्सवरून वारा नाहीच. नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकण्याला) याहून सोयीची परिस्थिती नाही. तो बारीक खणखणाट हेल्मेटमध्ये ऐकूही येत नाही आणि पिस्टनचा माथा खरवडला जातो. फिन्समधला चिखल प्रत्येक फेरीनंतर धुवा. ऑइलची पातळी इंजिन गरम करून, थोडा वेळ चालवून मगच बघा. हे ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारं) इंजिन आहे, थंड असताना पट्टी फसवते.

मोठा कॅम टाकू नका. तो ताकद वरच्या आरपीएमला ढकलतो आणि तुम्हाला ती खाली हवी आहे. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) मात्र बदलावेच लागतील, एअर बॉक्सचं झाकण काढलं असेल तर जास्तच. किटसोबत आलेल्या जेटने सुरुवात करा, पण आधी एक नंबर मोठा टाकून मग खाली या. मिश्रण पातळ राहिलं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर नवा पिस्टन पहिल्याच लांब चढावर जातो. क्लचच्या स्प्रिंगा थोड्या कडक घ्या.

राहिलं इंजिन बदलणं. माउंट नवे वेल्ड करायचे, चेनची रेष जुळवायची, वायरिंग, सायलेन्सर, लिक्विड कूल्ड असेल तर रेडिएटरला जागा, आणि पुढच्या बाजूला वाढलेलं वजन. सस्पेन्शन आणि ब्रेक मात्र जुन्या ताकदीसाठीच बनलेले. हे सगळं करून जे हाती येतं त्यापेक्षा यामाहा रॅप्टर ७०० सारखी गाडी सरळ चांगली: १०२ गुणिले ८४ मिमी, ६८६ सीसी, लिक्विड कूल्ड, इंजेक्शन, आणि फ्रेम त्याच ताकदीसाठी बनवलेली. ४२६ सीसी आणि १४/४० दातांवरही तुमचा चढ निघत नसेल, तर ४०० ईएक्सवर आणखी खर्च करू नका. ती चालू स्थितीत विका आणि ते पैसे मोठ्या गाडीत घाला.